ओढ्याकाठचा लव्हाळा

मावळात लव्हाळा लावा म्हटले, की शेतकरी बंधू प्रथम हसतील. "अहो, तो शेतातून जाता जात नाही, आणि तुम्ही लावायला सांगता?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण आपल्याकडे लव्हाळा या एकाच नावाखाली निरनिराळ्या वनस्पती मोडतात, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

शेतातला लव्हाळा म्हणजे नागरमोथा. चण लहान, पण जमिनीखाली त्याच्या सुवासिक गाठी दोऱ्यात मणी ओवावेत तशा एकीला एक जोडलेल्या. दिवाळीच्या उटण्यात पडतो तो हाच. उपटावा तर पात हाती येते, गाठी खालीच राहतात, आणि नांगराने त्या तुटल्या तर उलट पसरतात. तो मुद्दाम लावा, असे कोणी सांगणार नाही.

नदीकाठचा लव्हाळा त्याच कुळातला, पण चांगला उंच वाढणारा, बेटाबेटाने राहणारा, ओल धरून जगणारा. तुकोबांनी अभंगात महापुरात वाचणारा म्हणून ज्याचा दाखला दिला, तो हा. इंद्रायणी उगम पावते लोणावळ्याजवळ कुरवंड्याला आणि पुढे देहूला जाते. तेव्हा तुकोबांच्या डोळ्यांपुढचा लव्हाळा बहुधा आपल्याच नदीचा असावा.

लोणावळ्याला वर्षाकाठी 4,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. ओढा फुगला म्हणजे लव्हाळा आडवा होतो, पाणी त्याच्यावरून निघून जाते, खाली मुळांचे जाळे माती धरून ठेवते. पाण्याचा वेग मंदावला की गाळही तिथेच बसतो. हल्ली मात्र ओढ्याची 'सफाई' म्हणून यंत्राने काठ खरवडून काढतात. काठ दिसतो स्वच्छ, पण पुढच्या पावसात त्याला लागून असलेल्या भातखाचराचा बांध ढासळतो. असली सफाई महागात पडते.

आता लावणीचे बघू. भाताची सवय असल्यामुळे आपल्याला वाटते, आषाढात लावावे. तसे करू नका. मावळातल्या पहिल्या लोंढ्यात नवे ठोंब उपटून जातात. पाणी ओसरू लागले की, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात लावावे. पुढच्या पावसापर्यंत मुळे धरायला सात-आठ महिने मिळतात. जागा अशी हवी, की उन्हाळ्यातही मातीची ओल मोडत नाही. ठोंब जवळच्याच ओढ्यातून घ्यावेत, पण एकाच ठिकाणचे सगळे काढू नयेत. खणताना मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर तो ठोंब घेऊ नये. मुळे धुऊन घ्यावीत, नाहीतर चिखलाबरोबर जलपर्णीही घरी यायची! हात-हातभर अंतरावर, नागमोडी ओळीत लावावे. शेंडा पाण्याबाहेर राहिलाच पाहिजे.

पहिले वर्ष म्हशींपासून जपावे. खाण्यापेक्षा तुडवण्याने नुकसान जास्त. पण जनावरांना पाण्यावर जायला एक वाट मोकळी ठेवावी, म्हणजे ती कुंपण मोडणार नाहीत. कापणी दुसऱ्या वर्षापासून, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तीही अर्ध्याच बेटाची. पावसाळ्यात पाणकोंबडी तिथे घरटे करते, तेव्हा विळा लावू नये. कापताना खुंट पाण्याच्या वर वीतभर ठेवावेत. या वनस्पतीच्या मुळांना हवा पोचते ती देठांतून. पाण्याखाली कापले तर बेट कुजते.

शिक्षकांनी मुलांना ओढ्यावर नेऊन एक गंमत करून दाखवावी. गवताची काडी बोटांत फिरवली तर गोल लागते, तिला पेरे असतात. लव्हाळ्याची काडी बहुधा तीन धारांची, भरीव आणि बिनपेऱ्याची. एकदा बोटांना कळले की पुन्हा सांगावे लागत नाही.

लव्हाळ्याने गढूळपणा कमी होतो, सांडपाण्यातली खतद्रव्येही तो थोडीफार ओढून घेतो. कारखान्यांचे आणि शहरांचे पाणी मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते नदीत येण्यापूर्वीच शुद्ध करायला हवे. गावच्या ओढ्यावर प्रथम दहा-बारा हात काठ निवडावा, तोही जिथे पाणी वळण घेते त्याच्या आतल्या बाजूचा. बाहेरच्या बाजूला धार जोरात आपटते. तिथे आधी दगड रचावेत आणि लव्हाळा मागाहून दगडांच्या फटींत लावावा.