एकाच्या कवचाखाली हवा, दुसऱ्याच्या ओल

भुंगेऱ्यांच्या साडेतीन लाखांहून अधिक जातींची आजवर नोंद झाली आहे. या यशाचं श्रेय सहसा त्यांच्या पुढच्या पंखांना मिळतं. उडण्याचं काम सोडून ते कडक झाले आणि पाठीवरची ढाल बनले. मला विचाराल तर ढालीइतकंच श्रेय तिच्याखालच्या पोकळीला द्यायला हवं.

आपल्या तळ्यांत सापडणारा 'सिबिस्टर' हा पाणभुंगेरा घ्या. कल्ले नाहीत, तरी मुक्काम पाण्यात. अधूनमधून वर येऊन तो पोटाचं टोक पाण्याबाहेर काढतो, पंखांखाली हवा भरतो आणि पुन्हा बुडी मारतो. श्वासरंध्रं त्या पोकळीतच उघडतात, त्यामुळे श्वासाची सोय बरोबरच असते. आहार पक्का मांसाहारी: जलकीटक, बेडूकमासे, सापडले तर छोटे मासेही. अळी तर भक्ष्याच्या अंगात जबड्यांतून पाचकरस सोडते आणि आतला विरघळलेला ऐवज शोषून घेते.

आता आफ्रिकेतलं नामिब वाळवंट. तिथल्या 'ओनिमॅक्रिस अंग्विक्युलॅरिस'चं पोट वाऱ्याने आणून टाकलेल्या काडीकचऱ्यावर भरतं. त्याचे कडक पंख एकमेकांना कायमचे जुळलेत, म्हणजे उडणं बंद. पण श्वासरंध्रं इथेही पंखांखालीच उघडतात आणि श्वासावाटे जाणारी ओल त्या बंदिस्त जागेत बरीचशी अडते.

आणि पाणी? एरवी दिवसा वावरणारा हा कीटक धुकं आलं की गारठ्यातही बाहेर पडतो, वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतो आणि वाऱ्याकडे तोंड करून डोकं खाली, पार्श्वभाग वर असा उभा राहतो. अंगावर जमलेले थेंब घरंगळत तोंडाशी येतात. हॅमिल्टन आणि सीली यांनी १९७६ साली 'नेचर'मध्ये नोंदवलं की असं पाणी पिऊन भुंगेऱ्याचं वजन सरासरी १२ टक्क्यांनी वाढतं.

पुढे २००१ मध्ये पाठीवर उंचवटे असलेल्या वेगळ्याच नामिबी भुंगेऱ्यावरचा शोधनिबंध गाजला आणि त्या उंचवट्यांची नक्कल करून धुकं टिपणारे पृष्ठभाग बनवण्याची लाट आली. गंमत अशी की शीर्षासन करून धुकं पिणाऱ्या आपल्या ओनिमॅक्रिसच्या पाठीवर तसे उंचवटे नाहीतच, नुसत्या खोबणी आहेत.

नामिब लांब आहे, सिबिस्टर मात्र रात्री दिव्याकडे झेपावत घरातही येतो. हिरवट काळा, पिवळ्या कडांचा, चपट्या केसाळ मागच्या पायांचा भुंगेरा फरशीवर धडपडताना दिसला, तर झाडूने लोटू नका. जवळच्या तळ्यात सोडा.