हजेरीपटावरचं नाव

अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या यादीत 2024 चं सर्वाधिक आक्षेप आलेलं पुस्तक ठरलं ‘ऑल बॉइज आरन्ट ब्लू’. जॉर्ज एम. जॉन्सन या समलैंगिक कृष्णवर्णीय पत्रकाराचं 2020 मधलं हे आत्मकथन. बंदीची बातमी सगळीकडे झळकली, पण पुस्तकात आहे काय, ते कुणी फारसं सांगितलं नाही.

घरात मॅथ्यू म्हणून वाढलेल्या मुलाला एक दिवस कळतं की, कागदावर आपलं पहिलं नाव जॉर्ज आहे. मग शाळेत कोणतं नाव लावायचं, हे ते पोर स्वतः ठरवतं. पुढे स्वतःबद्दल घ्यायच्या सगळ्या निर्णयांची ही पहिली तालीमच. पाठीशी आजी खंबीर उभी असते.

नंदुरबारच्या वाचकाला हे परकं वाटू नये. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात 69 टक्के लोक आदिवासी. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कित्येकांचं घरातलं नाव एक, दाखल्यावरचं दुसरं, आणि जन्मतारीख सरसकट 1 जून. आपली ओळख दुसऱ्यानेच ठरवण्याचं हे दुखणं इथल्या साहित्यात आलं नाही असं नाही. श्रमिक संघटनेच्या चळवळीत घडलेल्या वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह 1987 मध्ये आला आणि भिल्लाने स्वतःबद्दल स्वतः बोलावं, हे मराठीला ऐकावं लागलं.

दुसरीकडे मुंबईत पत्रकार अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलैंगिकांसाठीचं नियतकालिक काढलं, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समलैंगिकतेवरचं ‘पार्टनर’ लिहिलं. दोन्ही मोलाची कामं, पण दोन्ही शहरातली. ‘बलुतं’, ‘उपरा’ या आत्मकथनांनी जात उघडी केली, कवी आणि खिरे यांनी लैंगिकता. आदिवासी आणि समलैंगिक, दोन्ही एकाच देहात जगणाऱ्याचं आत्मकथन मात्र माझ्या वाचनात आलेलं नाही. जॉन्सन यांचं पुस्तक उभं आहे ते नेमकं अशाच जागी.

याच जिल्ह्यातल्या विजया वसावे राज्यातल्या पहिल्या तृतीयपंथी वनरक्षक झाल्या. तृतीयपंथी असणं आणि समलैंगिक असणं एक नव्हे. तरीही सातपुड्यातल्या एखाद्या घुसमटलेल्या मुलाला त्यांचा गणवेश मोठा धीर देत असणार, याबद्दल मला शंका नाही.

अशा मुलाला आपली गोष्ट स्वतः लिहिता येत नाही, ही अडचण नव्हेच. लक्ष्मी त्रिपाठी यांनी सांगितलं, वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलं आणि ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ उभं राहिलं. तसंच कुणी भिलीत, पावरीत सांगावं आणि प्रकाशकाने ती बोली प्रमाण मराठीत घोटून न काढता छापावी. पहिली प्रत जिल्हा ग्रंथालयात हवी. कपाटात कुलूपबंद नव्हे, बाहेरच्या मांडणीवर.