त्वचेखालची कांडी आणि कर्करोगाला अटकाव

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या दोन तालुक्यांत औषधी झाडांची वानवा नाही. जांभूळ आहे, हिरडा आहे, हळद तर घरोघरी आहे. त्यामुळे इथे कर्करोगाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "हळदीनं कर्करोग होत नाही म्हणतात, ते खरं का?" आज आपण या प्रश्नाकडे थोड्या वेगळ्या बाजूने बघू. हळदीत काय आहे यापेक्षा ते शरीरात पोचतं का, आणि पोचवायचं तर कसं, हे पाहू.

हळदीचा पिवळा रंग ज्यामुळे येतो ते द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर ते टाकलं तर पेशींची वाढ मंदावते. पण आपण बशीत राहत नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आतड्यातून जे थोडंफार आत शिरतं, त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच दुसरे रेणू जोडतात आणि बाहेरची वाट दाखवतात. तैवानमध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही रुग्णांना रोज 8 ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिलं गेलं, तरी रक्तात त्याचा अगदी बारीक अंश सापडला. हळदीत साधारण तीन टक्के कर्क्युमिन धरा. म्हणजे 8 ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल! आमटीतल्या चिमूटभर हळदीचा हिशोब तुम्हीच करा.

मग कुणी म्हणेल, मिरी घाला. बरोबर आहे. 1998 साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतल्या पायपरीनमुळे माणसाच्या रक्तातलं कर्क्युमिन सुमारे वीस पट वाढतं. पण हे कसं होतं? मिरी यकृताचं ते काम मंदावते, आणि तेच यकृत आपल्या इतर गोळ्याही हाताळत असतं. हळद आणि मिरीच्या कॅप्सूल घेतल्यावर यकृताला इजा झाल्याची प्रकरणं अमेरिकेत नोंदली गेली आहेत. स्वयंपाकातल्या हळदीला यात काही दोष नाही. प्रश्न कॅप्सूलमधल्या मोठ्या मात्रेचा आहे.

इथे पॉलिमरची कांडी येते. अमेरिकेत लुइव्हिल विद्यापीठात रमेश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार केला की पोटाचा रस्ता सोडूनच द्यावा. त्यांनी पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचा पॉलिमर घेतला. हा शरीरात अगदी सावकाश, दोन-तीन वर्षांत, विरघळून जातो. पॉलिमर आणि कर्क्युमिन एकत्र विरघळवायचं, द्रावक उडवून लावायचा, उरलेला गोळा गरम करून नळीतून दाबून काढायचा. सोऱ्यातून शेव पडते ना, तसंच. तयार होते ती काही मिलिमीटर जाडीची कांडी, आणि ती त्वचेखाली ठेवायची.

ही कांडी काम कशी करते? शेतकऱ्याला एका शब्दात सांगता येईल: ठिबक. गोळी म्हणजे पाटाचं पाणी. एकदम येतं, बरंचसं वाहून जातं, मग पुढच्या पाळीपर्यंत कोरडं. कांडीतून औषध रोज थोडं थोडं पाझरतं आणि आसपासच्या केशवाहिन्यांतून रक्तात जातं. पृष्ठभागाजवळचं आधी सुटतं, म्हणून पहिल्या दिवसांत मात्रा जरा जास्त असते. नंतर पाणी हळूहळू आत शिरतं आणि आतलं औषध बाहेर येत राहतं. ही कल्पना नवी नाही. हातात बसवायची गर्भनिरोधक कांडी याच तत्त्वावर काही वर्षं चालते. मेंदूतली गाठ काढल्यावर त्या जागी ठेवायच्या औषधी चकतीला अमेरिकेत 1996 साली मान्यता मिळाली.

गुप्तांच्या गटाचा 2014 चा प्रयोग पाहा. इस्ट्रोजेन दिल्यावर ज्यांना स्तनाच्या गाठी होतात, अशा जातीचे उंदीर त्यांनी घेतले. काहींना खाण्यातून कर्क्युमिन दिलं, काहींना कांडी बसवली. खाण्यातल्या कर्क्युमिनचा उपयोग झाला नाही. कांडीवाल्यांत गाठी कमी आणि लहान राहिल्या. गंमत म्हणजे त्याच प्रयोगशाळेत जांभळाची भुकटी खाण्यातून दिली, तेव्हा मात्र गाठी उशिरा आल्या. म्हणजे प्रत्येक द्रव्याची वाट वेगळी. कांडी हा सगळ्यांवरचा एकच उपाय नाही.

आता मुद्द्याचं बोलू. कर्करोग झालेल्या माणसाला औषध देताना आपण थोडा धोका पत्करतो. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन सापडतं. त्या द्रव्यापासून केलेली औषधं जबर आहेत, पण ती आजार झाल्यावर द्यायची. प्रतिबंधाचं औषध निरोगी माणसाला द्यायचं असतं, तेही वर्षानुवर्षं. तिथे कसोटी फार कडक हवी. फिनलंडचं उदाहरण घ्या. गाजरातलं बीटा-कॅरोटीन फुप्फुसाचा कर्करोग रोखेल, अशी सगळ्यांची खात्री होती. 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. 1994 साली निकाल आला: ज्यांना बीटा-कॅरोटीन दिलं त्यांच्यात कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. गोळी निदान त्याच दिवशी बंद करता येते. कांडी मात्र छेद देऊन काढावी लागते.

म्हणून उंदरांतला निकाल ऐकून आपण घाई करायची नाही. कर्करोग रोखण्यासाठी मान्यता मिळालेली अशी वनस्पतिजन्य कांडी आज बाजारात नाही. कुणी विकायला आलं तर सरळ विचारा: माणसांवर चाचणी झाली का? किती जणांवर, किती वर्षं? कर्करोग खरंच कमी झाला का, की फक्त रक्तातला एखादा आकडा बदलला?

तरीही या संशोधनाकडे लक्ष ठेवायला हवं, आणि त्याचं कारण आपल्याच भागात आहे. भाटघर किंवा पानशेतच्या पाणलोटामागच्या वाडीवरून पावसाळ्यात दर महिन्याला गोळ्या आणायला जाणं सोपं नसतं. रोजची गोळी चुकते. एकदा बसवलं की महिनोन्महिने चालणारं औषध अशा ठिकाणी खरंच उपयोगी पडेल.

तोवर काय करायचं? पुरावा असलेले उपाय हातात आहेत. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांचा अभ्यास केला. 2009 साली निकाल आला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ती खेडी आपल्यासारखीच होती.

तेव्हा मिश्री आणि तंबाखू सोडा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर दाखवून घ्या. तिशी ओलांडलेल्या आई, बहीण, वहिनीला तपासणीला घेऊन जा. हळद आमटीत असू द्या, जांभळं हंगामात पोटभर खा. पण त्यांच्या भरवशावर तपासणी टाळू नका. इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.