काचेवरची अक्षरे आणि वक्त्याची नजर

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव प्राचीन मंदिरे व कोरीव स्तंभ यांमुळे अभ्यासकांना परिचित आहे. या वास्तूंची माहिती गावातीलच विद्यार्थ्याने कॅमेऱ्यासमोर सांगावयाची म्हटली, की अडचण उभी राहते. कागद हाती धरला तर मान खाली जाते. पाठ करून बोलावे तर एक शब्द निसटताच पुढचे सारे विस्कटते.

टेलिप्रॉम्प्टर जन्मास आला तो याच अडचणीतून. १९५० च्या सुमारास अमेरिकेत फ्रेड बार्टन या नटाने ही कल्पना मांडली. ह्युबर्ट श्लाफली व अर्विंग कान यांच्या साहाय्याने ती यंत्ररूपास आली. प्रारंभी ती फिरती कागदी गुंडाळीच होती. १९५२ मध्ये माजी अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी शिकागो येथील पक्षाच्या अधिवेशनात भाषणासाठी तिचा आधार घेतला.

रचना साधी आहे. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे पंचेचाळीस अंशांत तिरपी काच असते व तिच्याखाली आडवा पडदा. पडद्यावरील उलटी अक्षरे काचेत सुलटी दिसतात. काचेमागे काळे आच्छादन असते; कॅमेऱ्यास केवळ वक्ता दिसतो, अक्षरे दिसत नाहीत. मजकूर सरकविणाऱ्याने वक्त्याच्या गतीने चालावयाचे असते. वक्त्याने यंत्रामागे धावावयाचे नसते. वक्ता फार जवळ बसला, तर ओळीबरोबर फिरणारे डोळे मात्र चुगली करतात.

ही प्रेक्षकांची फसवणूक नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. कीर्तनकार तासन्‌तास कागदाविना बोलतात, हा दाखलाही दिला जातो. तो खरा आहे. परंतु त्यामागे वर्षानुवर्षांचे पाठांतर असते. यंत्र फक्त नजर सावरते; आशय, उच्चार व विराम वक्त्याचेच. लांबलचक, पुस्तकी वाक्य काचेवरही निर्जीवच राहते.

आज ही सोय मोबाइलवरही उपलब्ध आहे. तेव्हा प्रश्न यंत्राचा उरलेला नाही. तो लेखनाचा आहे. कानाला रुचेल असे आटोपशीर लिहिणे व ते मोठ्याने वाचून पारखणे, हे शाळांनी शिकवावयास हवे. ते न घडल्यास चारठाण्याच्या शिल्पांविषयी जग बाहेरच्यांकडून ऐकेल आणि त्यांच्या छायेत वाढलेली मुले श्रोतेच राहतील.