कंपवाताच्या रुग्णांना हवी समाजाची साथ

दरवर्षी ११ एप्रिल हा दिवस जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांचा हा जन्मदिवस. या आजाराचे सविस्तर वर्णन त्यांनी १८१७ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडे तो कंपवात या नावाने परिचित आहे.

मेंदूतील डोपामिन हे रसायन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट झाल्याने शरीराच्या हालचालींवरील नियंत्रण कमी होते. हाताला कंप सुटणे हे लक्षण सर्वांना ठाऊक आहे; परंतु काही रुग्णांना कंप नसतोही. हालचाली मंदावणे, स्नायू ताठरणे, अक्षर बारीक होणे, आवाज क्षीण होणे, चेहरा भावशून्य दिसणे ही लक्षणेही तितकीच महत्त्वाची आहेत. जळगाव-धुळ्याच्या खेड्यापाड्यांत शेतात राबणारा माणूस मंदावला, तर ‘वय झाले’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होऊ शकते. तोल जाणाऱ्यावर मद्यपानाचा संशयही घेतला जातो. अशा गैरसमजांमुळे रुग्ण चारचौघांत येणे टाळतो आणि उपचार लांबतात.

आजार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. तथापि लिव्होडोपाच्या गोळ्यांनी लक्षणे बऱ्याच अंशी आटोक्यात राहतात. गोळीची वेळ चुकवू नये व ती परस्पर बंद करू नये. डाळी, अंडी, मांस यांतील प्रथिनांमुळे गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून जेवणाची व गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. नियमित व्यायामही उपयुक्त ठरतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे. शासकीय रुग्णालयात तपासणी होऊन दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनाही हा आजार होता. २००५ च्या पुनरुत्थान सणाला वाचा साथ देत नसतानाही ते खिडकीत आले आणि त्यांनी हातानेच आशीर्वाद दिला. आजारपणातही त्यांनी लोकांसमोर येणे टाळले नाही.

पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. दोघेही सभांना येतात, अनुभव सांगतात, एकमेकांना धीर देतात. खानदेशातही धर्मग्रामाच्या सभागृहात किंवा गावाच्या समाजमंदिरात महिन्यातून एकदा असे एकत्र येणे शक्य आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. रुग्णाला घरून आणणारे कोणी हवे आणि त्याचे संथ बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबणारे कोणी हवे.