सरकारी दप्तरात न सापडणारी हुकूमशाही

हुकूमशाहीत सरकारी दप्तरं ओसंडून वाहतात, पण लोकांच्या घरात चूल पेटली की नाही हे त्यांत सापडत नाही. ते पत्रकारांच्या पुस्तकांत सापडतं. बार्बरा डेमिक या अमेरिकी पत्रकार बाईंचं ‘नथिंग टू एन्व्ही’ घ्या. उत्तर कोरियातल्या चोंगजिनमधून निसटलेल्या सहा जणांच्या तोंडून त्यांनी १९९० च्या दशकातला दुष्काळ मांडलाय. त्यातली एक डॉक्टर उपाशीपोटी चीनमध्ये पोचते. एका अंगणात भात आणि मांसाचे तुकडे असलेलं भांडं दिसतं. ते कुत्र्यासाठी असतं! सत्ताधारी पक्षाचा सगळा प्रचार तिच्यापुरता तिथेच संपतो.

पळून आलेला माणूस तिखटमीठ लावूनच सांगणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच डेमिक यांनी मुद्दाम एकाच शहरातली माणसं निवडली; एकाचं सांगणं दुसऱ्याशी ताडून पाहता आलं. जे सुटलेच नाहीत त्यांची बाजू मात्र अशा पुस्तकात कमीच येते, हे मान्य.

‘आपल्याला त्याचं काय?’ म्हणणाऱ्यांनी १९७५ ची आणीबाणी आठवावी. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, पत्रकार कुलदीप नय्यर तुरुंगात गेले आणि त्यांचं आणीबाणीवरचं ‘द जजमेंट’ आलं ते १९७७ मध्ये. टिपून ठेवण्याचं मोल खानदेशाला नवं नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातली विनोबांची गीता प्रवचनं साने गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून ती उरली.

जळगाव-धुळ्यातल्या आणीबाणीवर कुणी लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल, तर नाव जरूर कळवा.