मुक्काम कुठे टाकायचा?

एसटी यवत, उरुळी कांचन, लोणी काळभोर करत हडपसरच्या गाडीतळाला लागली की गाडीत दोन तट पडतात. निम्मी माणसं पिशव्या सावरत उतरतात, उरलेली स्वारगेटपर्यंत बसून राहतात. बारामतीहून पुणे सुमारे 100 किलोमीटर, इंदापूरहून 140च्या आसपास. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येण्याजोगं हे अंतर. पण दवाखाना, परीक्षा, कोर्टाची तारीख निघाली की एखाद-दुसरी रात्र काढावीच लागते. ती कुठे काढायची, हे आपल्याकडे बहुतेक वेळा एसटीच ठरवते. जिथे उतरलो, तिथलाच लॉज.

ही सवय आम्हाला महागात पडली. मावशीचं ऑपरेशन पुणे स्टेशनच्या बाजूच्या एका रुग्णालयात होतं आणि आम्ही खोली घेतली स्वारगेटला, कारण उतरलो तिथे आणि परतीची गाडीही तिथूनच. पहिल्याच रात्री दोन वाजता वॉर्डातून फोन आला, अमुक इंजेक्शन बाहेरून आणून द्या. रिक्षा मिळेपर्यंत अर्धा तास गेला. दुसऱ्या रात्री मावसभाऊ खोलीवर आलाच नाही; वॉर्डाबाहेरच्या जिन्यात, चपला रुमालात गुंडाळून उशाला घेऊन झोपला. तिसऱ्या रात्री मीही तिथेच होतो. भाडं भरलेल्या खोलीत आमच्या पिशव्या तेवढ्या होत्या.

तेव्हापासून पुण्याला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी दोनच गोष्टी विचारतो: सकाळी पहिलं काम कुठे आहे, आणि रात्री-अपरात्री बोलावणं येण्यासारखं आहे का? मुक्कामाची पेठ या दोन उत्तरांवरून ठरवावी. भाडं, ओळख, एसटी स्टँड हे सगळं त्यानंतर.

खरं तर मुक्काम कसा आखावा, हे आपल्या बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांना कुणी शिकवायला नको. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली देहूहून पालखी सोहळा सुरू केला. ती पालखी आजही आपल्याच रस्त्याने येते. पुण्यात तुकोबांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात उतरते, माउलींची भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात. एवढ्या मोठ्या शहरात लाखोंचा समुदाय येतो आणि कुठली दिंडी कुठे उतरणार हे आधीच ठरलेलं असतं. एखाद्या दिंडीला शाळेचे वर्ग, एखादीला जुन्या वाड्याचा चौक, एखादीला व्यापाऱ्याचं गोदाम. वर्षानुवर्षं तीच जागा आणि तेच यजमान. पालखी विसावते त्या देवळापासून चालत जाता यावं, एवढाच हिशेब. तिथे ज्याचं त्याचं काम देवळाशी असतं, म्हणून मुक्कामही देवळाभोवती.

हडपसरला वाटा फुटतात. माउली दिवे घाट चढून सासवडला जातात, तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे. यवतला पिठलं-भाकरी होते, पाटसहून रोटी घाट ओलांडला की उंडवडी, मग बारामती. काटेवाडीत पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. त्या दिवसांत आपल्या गावांत ओसऱ्या, शाळा, गोठ्यांपुढची अंगणं उघडी असतात. आमच्या घरी मुक्कामाला येणाऱ्या वारकरी आजीबाईंना आईने कधी नाव-गाव विचारलं नाही. न्हाणीत गरम पाणी आणि पडवीत घोंगडी तयार असायची. पाहुण्याला दारात झोपू न देणारी ही माणसं स्वतः पुण्याला गेली की जिन्यात झोपतात. हे मला सहन होत नाही.

विद्यार्थ्यांनी मात्र आपली पेठ कधीच शोधून ठेवली आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी म्हटलं की सदाशिव पेठ, नारायण पेठ. अभ्यासिका, मेस, पुस्तकांची दुकानं सगळं पायाखाली. राहायचं ते ‘कॉट बेसिस’वर: एका खोलीत चार-पाच लोखंडी कॉट, कॉटखाली बॅग, भिंतीवर खिळ्याला टॉवेल, आणि भाडं खोलीचं नाही, कॉटचं. सदाशिवरावभाऊंच्या नावाच्या या पेठेला परगावच्या मुलांची सवय जुनी आहे. पूर्वी गरीब मुलं इथे माधुकरी मागून, घराघरांत वार लावून शिकली. 1909 साली अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचं पुणे विद्यार्थी गृह, निघालं. 1955 साली डॉ. अच्युत आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली आणि खेड्यातल्या मुलांना वसतिगृह मिळालं. दोन दिवसांच्या परीक्षेला जाणारा मुलगा गाववाल्याच्या खोलीत पाहुणा म्हणून उतरतो, ते ठीकच. फक्त हॉलतिकिटावरचं केंद्र आधी नकाशात पाहावं. केंद्र वाघोलीला आणि मुक्काम सदाशिव पेठेत असला, तर सकाळची झोप रस्त्यातच जाते.

मालवाल्यांची गोष्ट सोपी. पूर्वी भवानी पेठ, आता गुलटेकडीचं मार्केट यार्ड. इंदापूरचं डाळिंब घेऊन रात्री टेम्पो लागतो, शेतकरी गाळ्यावरच पाठ टेकतो, सकाळी लिलाव, हातात पट्टी पडली की परत. नोकरीवाल्यांसाठी हडपसर, मांजरी, मगरपट्टा. तिथे आता आपले नातेवाईकच एवढे आहेत की लॉजचा प्रश्न येत नाही.

29 सप्टेंबर 2024 रोजी मेट्रो स्वारगेटपर्यंत धावू लागली. सिव्हिल कोर्टाला गाडी बदलली की पुणे रेल्वे स्टेशन गाठता येतं. दिवसाच्या कामाला स्वारगेटचा मुक्काम आता पूर्वीइतका गैरसोयीचा राहिलेला नाही. पण मेट्रो रात्री बंद होते, आणि वॉर्डातलं बोलावणं घड्याळ पाहून येत नाही. रुग्ण ससूनला असेल, तर स्टेशनच्या बाजूलाच राहावं. 1867 साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे रुग्णालय स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दौंडमार्गे रेल्वेने आलात तर एसटी स्टँडचा संबंधच येत नाही. खोली घेताना भाड्याचा दिवस चोवीस तासांचा की दुपारी बारापर्यंतचा, हे आधी विचारा. संध्याकाळी सात वाजता घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी बाराला सोडावी लागली, तर हिशेब सगळाच बदलतो.

बारामतीला 2019 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आता प्रत्येक दुखण्याला पुणे गाठावं लागत नाही, हा मोठाच आधार. तरीही मोठ्या शस्त्रक्रियेला पुणे आणि कर्करोगाला परळचं टाटा रुग्णालय, हे चालूच आहे. मुंबईत निदान कुणीतरी या गरजेचा विचार केला. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा. कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसं तिथे महिनोन्‌महिने राहतात, आणि रुग्णालय जवळ असतं. गाडगेबाबांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली तेव्हा देवळात जाणाऱ्यांच्या आधी, देवळाबाहेर ठेवल्या गेलेल्यांची सोय पाहिली. ती धर्मशाळा त्यांनी 1949 साली बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या स्वाधीन केली.

अशी सोय पुण्यात आपल्यालाही करता येईल. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा. पाच सहकारी कारखाने या दोन तालुक्यांत उभे आहेत आणि सभासद आपणच आहोत. ससूनपासून चालत जाता येईल अशी एखादी इमारत, वीस खोल्या, एक सामाईक स्वयंपाकघर, तळाशी गरम पाण्याची सोय. आपल्या कारखान्याच्या पुढच्या वार्षिक सभेत हा विषय लेखी द्या. उसाच्या दराबरोबर त्यावरही बोला.